राग सोडलेला बाप

माझ्या नवऱ्याने निवृत्त झाल्यावर तत्त्वज्ञान वाचायला घेतलं, आणि तेव्हापासून मला पुस्तकांचा राग आहे. सगळ्या पुस्तकांचा नाही. स्वयंपाकाचं वाचा, बागेचं वाचा, भुताखेतांचं वाचा, माझं काही म्हणणं नाही. पण जगावं कसं हे शिकवणारं पुस्तक कोणी घरात आणलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पुसदला आमच्या कॉलनीतल्या बायकांना याचं हसू येतं. त्या म्हणतात, "साहेब किती शांत झाले वो तुमचे, आमच्याकडं पाठवा ते पुस्तक." मी म्हणते, पुस्तक कायले, साहेबच घेऊन जा.

आधी हा माणूस कसा होता ते सांगते, नाहीतर मीच कजाग आहे असं वाटायचं. कजाग मी आहे, ते मी नाकारत नाही. पण तेव्हा आम्ही दोघंही होतो. सरकारी कचेरीत त्यांचा आवाज जिन्याखाली ऐकू यायचा. वरचा साहेब असो की खालचा कारकून, चुकला की ऐकवायचे. रांगेत कोणी मध्ये घुसला की हे त्याला कॉलर धरून मागे नेऊन उभं करायचे. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी घाबरून काढलं, मग मीही शिकले, आणि आमची भांडणं गल्लीला पाठ झाली. पण हा माणूस स्वतःच्या नाकासाठी कमी आणि दुसऱ्यासाठी जास्त भांडायचा, एवढं मला त्याचं कौतुक होतं.

आम्हाला एकच मुलगी. ती वनरक्षक झाली ती यांच्या या रागावरच. भरतीच्या वेळी तिला धावण्याची आणि लांब चालण्याची चाचणी द्यायची होती. हे रोज पहाटे सायकल काढून तिच्या मागे मैदानावर. ती थांबली की ओरडायचे, ती रडली की आणखी ओरडायचे. एकदा मैदानावरचा एक ओळखीचा गृहस्थ म्हणाला, "साहेब, पोरीले जंगलात धाडून राह्यले, लग्न कसं जमन?" यांनी सायकल तिथेच आडवी टाकली आणि त्या माणसाला मैदानाच्या फाटकापर्यंत हाकलत नेलं. पोरगी घरी येऊन मला ते सांगताना पोट धरून हसत होती. तिची नोकरी लागली, झरी जामणीकडे नेमणूक झाली, आणि तिला सोडायला आम्ही दोघं गेलो. सागाच्या जंगलात तिची ती छोटी खोली, खाकी कपडे, हातात काठी. परत येताना एसटीत हे खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि मुद्दाम खोकत होते.

मग यांचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, चिडणं बंद करा, नाहीतर आम्हाला दोष देऊ नका. त्याच सुमारास निवृत्ती आली, आणि त्यांच्या बरोबरीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने हातात ते पुस्तक दिलं. सकाळी फिरून झाल्यावर बागेतल्या बाकांवर चार-पाच जण बसायचे, एकाने पान वाचायचं, बाकीच्यांनी डोळे मिटायचे, मग त्यावर बोलायचं. सगळे पेन्शनर, सगळ्यांच्या बायका घरी स्वयंपाक करून राह्यलेल्या. तिथून हे घरी यायचे ते नवीन शब्द घेऊन. जागरूकता. स्वीकार. साक्षीभाव.

साक्षीभाव म्हणजे काय ते मला आठवडाभरात कळलं. दूध उतू जात असताना त्याच्याकडे बघत उभं राहायचं. गॅस बंद करायचा नाही. मी धावत येऊन बंद केला तर म्हणाले, "मी बघत होतो, मन कसं लगेच घाबरतं." मी म्हटलं, मन जाऊ द्या, दूध गेलं. जेवायला बसले की एक घास तोंडात घेऊन डोळे मिटायचे. माझी पोळी तव्यावर करपते आणि हे ज्वारीचा दाणा कोणत्या मातीतून आला त्याचा विचार करून राह्यले. त्यात गंमत अशी की जेवणात तेव्हा ज्वारी नव्हतीच, गव्हाची पोळी होती.

खोटं कायले बोलू, रक्तदाब उतरला. घरात आवाज नाही, भांडण नाही, रात्री झोप लागते. काही दिवस मलाही बरं वाटलं. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते, मला वाचायचा कंटाळा नाही. एका दुपारी हे झोपले तेव्हा मीच ते पुस्तक घेऊन बसले आणि बरंचसं वाचून काढलं. म्हटलं, बघू तर काय आहे. वाईट काही नव्हतं. जे आपल्या हातात नाही त्याचा त्रास करून घेऊ नये, जे आहे ते नीट बघावं, अपेक्षा कमी ठेवाव्यात. त्यात नदी होती, डोंगर होता, झाडावरून गळणारं पान होतं. जावई नव्हता. सासू नव्हती. पोरगी नव्हती. लिहिणाऱ्याला कोणीच नव्हतं असं दिसत होतं, आणि एकट्या माणसाला शांत राहायला काय लागतं. मी पुस्तक होतं तिथे ठेवून दिलं.

तोवर मुलीचं लग्न झालं होतं. पांढरकवड्याचं घर, सासऱ्यांचं खता-बियाण्याचं कृषी केंद्र, मुलगा कॉलेजात कारकून. सोयरीक आमच्या नात्यातल्या एकांनी जुळवली, त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्या वेळी यांनी आधीच ठणकावून सांगितलं होतं की पोरगी नोकरी सोडणार नाही, पटत असेल तर पुढे बोला. तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली. मग लग्नानंतर हळूहळू सुरू झालं. आधी सासूबाईंचे गुडघे. मग पाहुणे आले की सून घरात दिसत नाही. मग जंगलात वाघ आहे, मग जंगलात माणसं आहेत. ती सुटीच्या दिवशी घरी जायची आणि रविवारभर टोमणे ऐकून सोमवारी परत ड्युटीवर. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "आईबाबा म्हणतात ते ऐक ना जरा." शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या इवायांनी, निरोप धाडला, राजीनामा द्या, नाहीतर पोरीले तुमच्याकडंच ठेवून घ्या. यावर आमच्या घरी बैठक ठरली.

आमच्याकडे बैठक कशी चालते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका आत, दाराला पडदा. मुलाकडचे आधी टोकाचं बोलतात. मग मुलीच्या बापाने दुसरं टोक धरायचं. आवाज चढवायचा, उठून उभं राहायचं, पोरगी पाठवत नाही म्हणून सांगायचं. त्याला कोणी वाईट मानत नाही, तो त्याचा मान असतो. मग मध्यस्थ दोघांचे हात धरतो, चहा येतो, आणि मधला रस्ता निघतो. बाजारात वांगी घेताना करतो तेच. सगळ्यांना ठाऊक असतं की शेवटचा भाव कुठे येणार, पण दोन्हीकडून ओढल्याशिवाय तो तिथे येत नाही. मध्यस्थ ते मामाच होते. त्यांनी त्या सकाळी फोन करून यांना चक्क सांगितलं होतं, "इवाई बदलीवर राजी होतीन. पांढरकवड्याजवळ बदली मागू, नोकरी राह्यते. तुम्ही फक्त सुरुवातीले जोर लावा, बाकी मी आणतो."

आदल्या दिवशीच मुलगी येऊन राहिली होती. फोन झाल्यावर ती वडिलांजवळ जाऊन बसली. म्हणाली, "बाबा, मी बोलली तर तोंडाळ म्हणतीन. आई बोलली तर भांडखोर म्हणतीन. तुम्ही बोलले तरच ऐकतीन. मले नोकरी सोडायची नाही, बाबा. दुसरं काहीही सांगा, करते मी." हे म्हणाले, "मी आहे ना बेटा." ती उठून पोह्यांसाठी कांदा चिरायला आत आली तेव्हा गुणगुणत होती.

मंडळी आली. इवाई, जावई, मामा. विहीणबाई आत माझ्याजवळ, गुडघे धरून. इवायांनी ठरल्याप्रमाणे टोक धरलं. घराची इज्जत, रात्रीची ड्युटी, नातवाचं तोंड कधी पाहायचं, सगळं बोलून झालं. शेवटी म्हणाले, "राजीनामा पायजे, दुसरी गोष्ट नाही." मामांनी यांच्याकडे पाहिलं. मी पडद्याआड श्वास धरून उभी होते, आता यांचा आवाज फुटणार म्हणून.

यांनी डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला, सोडला, आणि बागेतल्या बाकावर बोलतात तशा आवाजात सुरू केलं. "हट्ट दोन्हीकडून सुटला पाहिजे. आपण नोकरी, मान, घराणं अशा गोष्टींना चिकटून बसतो, म्हणून दुःख होतं. नोकरी म्हणजे काय, एक ओळख. ओळख गळून पडली तरी माणूस उरतोच."

इवाई आयुष्यभर गल्ल्यावर बसलेला माणूस. समोरचा किती ओढणार आणि कुठे सोडणार हे त्याला बोटाच्या टोकात कळतं. यांनी दोरी धरलीच नाही हे त्याच्या लगेच लक्षात आलं. तो खुर्चीत सरळ बसला आणि हात जोडून म्हणाला, "वा साहेब. लाख बोलले. म्हणजे सोडायचीच, असंच ना?"

हे म्हणाले, "मी सोडा म्हणत नाही, धरा म्हणत नाही."

मामांनी घाईघाईने बदलीचा विषय काढला. इवाई म्हणाले, "आता बदली कायले मामा? पोरीचा बाप सोता म्हणून राह्यला की नोकरीत काही नाही." आणि ते खरंच होतं, तसंच म्हटलं होतं यांनी. मध्यापासून सुरुवात केली तर मध्य कुठे उरतो? तो सरकत सरकत त्यांच्या दारात गेला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात रिकाम्या प्लेटांचा ट्रे होता तो मी फ्रिजवर आदळला आणि पडदा बाजूला करून बाहेर आले. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. इवायांना म्हटलं, सोयरीक करताना मान डोलावली तेव्हा तुमचं घराणं कुठं गेलतं? जावयाला म्हटलं, तुला तोंड आहे की नाही? यांना म्हटलं, ज्याने पोरीला पहाटे उठवून पळवलं तो माणूस कुठे आहे, त्याला बोलवा, मला त्याच्याशी बोलायचं आहे. मी जितकी ओरडत गेले तितके इवाई शांत होत गेले. ते यांच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्ही एवढे समजदार, आणि घरात हे असं. पोरीवर कोणाचं वळण गेलं ते दिसते." माझा सगळा राग त्यांनी उचलून आपल्याच पारड्यात टाकला. आणि माझा नवरा, माझ्याशी तीस वर्षांच्या वर संसार केलेला माणूस, माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "रागाकडे नुसतं बघ. तो येईल आणि जाईल."

तेवढ्यात मुलगी माझ्या मागून बाहेर आली. बैठकीत पोरगी येत नसते. ती सरळ वडिलांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली, दुसऱ्या कोणाकडे तिने पाहिलंच नाही.

"बाबा, तुम्ही सांगा. धरू का सोडू?"

हे म्हणाले, "ज्यात तुले शांती वाटते ते कर."

"मी शांती नाही विचारून राह्यली, बाबा. तुम्ही सांगा. तुम्ही धर म्हटलं तर मी धरते, मंग हे लोक काहीही म्हणोत."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, ओठ किंचित हलत होते, श्वास आत, श्वास बाहेर. पोरगी वाट पाहत उभी होती. इवाई वाट पाहत होते. रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मग ती म्हणाली, "सोडते मी," आणि आत येऊन पोह्यांच्या प्लेटा भरायला लागली. माणसांनी ते पोहे खाल्ले. लिंबू मागून घेतलं.

जाताना मामा चप्पल घालायच्या निमित्ताने माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "वहिनी, साहेबांनी एक डाव जरी आवाज चढवला असता ना, तरी मी बदलीवर आणलं असतं." मी म्हटलं, मला कशाला सांगता, त्यांना सांगा. ते म्हणाले, त्यांना काय सांगू, ते तर कोणत्याच बाजूला नाहीत.

तिने राजीनामा दिला. खाकी कपडे परत केले, काठी परत केली. तिच्या हद्दीतल्या कोलाम आदिवासी बायकांनी निघताना तिला पळसाच्या द्रोणात चारोळी दिली, ती तिने मला आणून दिली, स्वतः खाल्ली नाही. इकडे हे बागेत जाऊन मंडळींना सांगून आले की पोरीने किती प्रगल्भपणे घेतलं, एक थेंब रडली नाही. मंडळींनी त्यांचंही कौतुक केलं, म्हणे वाचलेलं आचरणात आणणारा माणूस विरळा. मला हे त्यांच्याच तोंडून कळलं. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि त्यांना ते कळलंच नाही. माझ्या अबोल्याला ते मौन समजले आणि म्हणाले, "तुझ्यातही फरक पडतो आहे."

मला लोक सांगतात की शांत माणसाचा संसार सुखाचा. मला अशा शांतीची किळस आली आहे. ज्याच्या अंगाला काही लागतच नाही तो शांत राहिला तर त्यात मोठेपणा कसला? रस्त्यावर कोणी पोराला मारत असेल आणि आपण आपल्या श्वासाकडे बघत पुढे गेलो, तर त्याला शहाणपण म्हणायचं का? मी यांना हे विचारलं. ते म्हणाले, तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करते आहेस. मी म्हटलं, त्या वेगळ्या करून दाखवा. ते हसले. हल्ली ते असे हसतात, मी शाळेत पहिलीच्या पोरांना हसायचे तसे.

या दिवाळीला मुलगी आली. पांढरकवड्याला ती आता घर सांभाळते, सासूबाईंचे गुडघे चोळते, दुपारी कृषी केंद्रात बसते. जाड झाली आहे. पहाटे उठायची सवय होती, ती गेली. मी काही विचारलं की म्हणते, "बरं आहे ना आई." वडिलांशी ती छान बोलते. त्यांना चहा देते, त्यांच्या पुस्तकांवरची धूळ पुसते. एकदाही तिने त्यांना त्या दिवसाबद्दल विचारलं नाही, आणि तिने सगळं मनापासून स्वीकारलं अशी यांची खात्री झाली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात अनारसे करत होतो. बाहेर बागेतल्या मंडळींपैकी एक जण आले होते. यांनी हौसेने पुण्याहून एक नवीन जाड पुस्तक मागवलं होतं, ते या गृहस्थांनी वाचायला नेलं होतं आणि परत द्यायला आले होते. आधी नेहमीचं गुळमुळीत बोलणं ऐकू आलं. मग एकदम यांचा आवाज चढला. जुना आवाज, जिन्याखाली ऐकू जाणारा. "हा चहाचा डाग कसला? आणि या रेघा? बॉलपेनने? तुम्हाला लाज नाही वाटत? दुसऱ्याची वस्तू आहे ही! माझ्या दारात पुन्हा यायचं नाही, सांगून ठेवतो." खुर्ची मागे सरकली, फाटक आपटलं. तो बिचारा पेन्शनर पळाला असणार.

मुलगी कढईजवळ होती. तिने गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले. हे व्हरांड्यात उभे होते, लालबुंद, छाती धपापत होती, आणि बनियनच्या टोकाने पुस्तकाचं कव्हर पुसत होते. तिला पाहून ओशाळले. म्हणाले, "काही नाही बेटा. नवीन होतं ना पुस्तक, म्हणून जरा."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. आवाज अजिबात चढवला नाही तिने.

"राग आहे तुमच्यापाशी अजून," ती म्हणाली. "मले वाटलं, डॉक्टरनं बंद करायला लावला तसा संपला असन. म्हणून त्या दिवशी मी तुमच्यापाशी जास्त मांगितला नाही, बाबा."

ती आत जाऊन पुन्हा अनारसे तळायला लागली, कारण कढईत टाकलेला एक करपत होता.